शेवाळी कोटातली शिवण

४ नोव्हेंबर

टाचणीस,

आई गेली. परवा सकाळी. तुला फोन लावला, पण तो नंबर आता भलत्याच कुणाचा तरी आहे. त्या भल्या माणसाने माझं सगळं रडणं ऐकून घेतलं आणि मग हळूच राँग नंबर म्हणाला. म्हणून हे पत्र, तेही तुझ्या कारखान्याच्या पत्त्यावर. घरचा पत्ता तू कधी दिलाच नाहीस.

सगळं उरकलं आहे. तू धावपळ करून येण्यासारखं काही उरलेलं नाही. गल्लीतली माणसं आली होती. समोरचा चपलांचा दुकानवाला आला, शाळेचे जुने मुख्याध्यापक काठी टेकत आले. आयुष्यभर आईने शिवलेल्या पँटी घातल्या त्यांनी, त्या दिवशीही तिचीच होती. काजवाले काका पायरीवर बसून राहिले. आपण लहान होतो तेव्हापासून त्या पायरीवर बसून काजं करतात, त्यांना दुसरीकडे कुठे बसायचं ते सुचलंच नसेल. जो तो म्हणत होता, मास्तरीणबाई सुटल्या. मी मान डोलवत होते.

शेवटची काही वर्षं तिला काही उमगत नव्हतं. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणाले. तुला त्यात शिरायची गरज नाही.

तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगून टाकते. तुझं नाव तिने काढलं नाही. कुणाचंच काढलं नाही.

दुकानाचं मी बघते. कळवायचं काम माझं होतं, ते केलं.

ताई


१९ नोव्हेंबर

टाचणीस,

पत्र मिळालं. चार ओळी. तुमच्याकडे शर्टांसारखी पत्रंही गठ्ठ्याने कापून ठेवलेली असतात का, नाव घातलं की झालं?

पण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू रडली असशील, मग तोंड धुतलं असशील, आणि मग या चार ओळी लिहिल्या असशील. त्यात दोन प्रश्न. आई माझ्याबद्दल खरंच काही बोलली नाही का? आणि माझा शेवाळी कोट कुठे आहे?

पहिल्याचं उत्तर मागच्या पत्रात दिलं आहे. दुसऱ्याचं हे: कोटाला कसर लागली होती. टाकून दिला.

तिसरं तू विचारलं नाहीस, पण सांगते, कारण इथे कुणाला सांगायची सोय नाही. गल्लीला सगळं आधीच माहीत आहे, आणि काजवाल्या काकांना सांगावं तर ते डोळे पुसतात आणि माझंच काम वाढतं.

सुरुवात कशी झाली, तर पँटींच्या खिशांपासून. मुख्याध्यापकांनी पँट परत आणली. दोन्ही खिसे वरून शिवून बंद केलेले. ते बिचारे म्हणाले, बाई, हात घालायला जागा नाही. आई म्हणाली, या वयात खिशात हात घालून फिरायचं कशाला? सगळे हसले. मीही हसले, तिची जीभ होतीच तशी. पण ते गेल्यावर तिने पँट उलटी करून बराच वेळ पाहिली आणि मग माझ्याकडे अशी पाहायला लागली, की मी तिथून उठून चहा करायला गेले.

मग एका बाहीच्या जागी दुसरी बाही. मग एकाच गिऱ्हाइकाचं माप एका भेटीत दोनदा. लोक समजून घेत होते. मी तिचं शिवलेलं दुपारी उसवायचे आणि पुन्हा शिवून ठेवायचे. तिला कळू नये म्हणून तिच्यासारखी टीप घालायची धडपड करायचे. ती कुठली यायला?

तुला आठवतं ना, ती शिवण कशी तपासायची? बघायची नाहीच कधी. डोळे मिटायची आणि अंगठ्याचं नख शिवणीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. नीट असली तर 'राहू दे'. नसली तर 'उसव'. या दोन शब्दांपलीकडे शाबासकी नाही आणि शिवी नाही. तुझ्या वाट्याला 'राहू दे' यायचं. मी शाळेत असल्यापासून 'उसव' ऐकत आले. हाताला वळण नाही म्हणायची. एकदा मी चिडून माझी शिवण तुझी म्हणून पुढे केली होती. तिने नख फिरवलं आणि डोळे न उघडता म्हणाली, थोरले, उसव.

मग एक दिवस ती कापडासमोर कात्री घेऊन उभी राहिली. खडूची रेघ न मारता कापणारी बाई ती. कितीतरी वेळ तशीच उभी. मी म्हटलं, आई, काय झालं? तिने विचारलं, "हे कुणाचं आहे?" मी गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग तिने कात्री माझ्या हातात दिली आणि खुर्चीत जाऊन बसली. त्यानंतर तिने कापड कापलं नाही. कापड एकदाच कापता येतं, हे तिचंच वाक्य. तेवढं तिला शेवटपर्यंत आठवत होतं असं मला वाटतं.

बाकी तू तुझं सांभाळ.

ताई


६ डिसेंबर

टाचणे,

तू म्हणतेस ते खरं आहे. जिने आपल्या शाळेच्या गणवेशातही डांबराच्या गोळ्या ठेवल्या, तिच्या घरात कोटाला कसर लागणं शक्य नाही. खोटं बोलायचं तर तेही नीट जमायला हवं. माझ्या हाताला तेही वळण नाही.

कोट आहे. खुंटीवर आहे, तू टांगून गेलीस त्याच खुंटीवर. आत्ता लिहिताना माझ्या अंगावर आहे, हे तुला आवडणार नाही, पण दुकानात गारठा आहे आणि आता खोटं बोलायचा कंटाळा आला आहे.

तू घर सोडलंस त्या दिवसाचा विषय मी कधी काढला नाही, तूही काढला नाहीस. दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं. तू अंगातून कोट काढलास. तिने तुझ्यासाठी अख्खा हिवाळा खपून शिवला होता तो, तू दुकान सांभाळशील तेव्हा गल्ल्यावर बसताना घालशील म्हणून. आणि तू सांगितलंस की शर्टांच्या कारखान्यात नोकरी धरली. ती म्हणाली, "हजारांच्या मापाने शिवणाऱ्यांना एका माणसाचं माप काय कळणार? जा. परत येशील तेव्हा गिऱ्हाईक म्हणून ये, आणि रांगेत उभी राहा." तू कोट खुंटीला लावलास. म्हणालीस, "हा ज्याच्या मापाचा असेल त्याला द्या." दोघी सारख्याच. मी मधे बॉबीन भरत बसले होते. माझं मत कुणी विचारलं नाही.

तर आता ऐक.

मागच्या हिवाळ्याआधीच तिने मला ओळखणं सोडलं होतं. मी तिच्या लेखी गिऱ्हाईक झाले होते. सकाळी अंग पुसायला गेले की म्हणायची, बाई, तुमचा कपडा अजून झाला नाही, उद्या या. मी तिची वेणी घालायचे, कपडे बदलायचे, चादर धुवायचे, आणि ती रोज माझी माफी मागायची की कपडा तयार नाही. सुरुवातीला हसू यायचं. नंतर मी म्हणायला लागले, असू दे बाई, मला घाई नाही.

मग तिने खाणं सोडलं. गिऱ्हाइकाच्या हातचं कोण खाईल? ओठ घट्ट मिटून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर नळी घालावी लागेल. त्या सकाळी मी वाटी घेऊन बसले होते, ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेगडी विझली होती, मला हुडहुडी भरली, म्हणून खुंटीवरचं हाताला लागलं ते खांद्यावर टाकलं आणि पुन्हा तिच्याजवळ बसले. तुझा कोट होता तो.

तिने मान वळवली. माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. तिचा हात कॉलरवर आला, कॉलर उलटी करून तिने आतला टाका चाचपला, मग पुढची पट्टी बटणांपर्यंत. आणि म्हणाली, "आलीस, टाचणे?"

मी काय करायला हवं होतं ते तू सांग. तुला इतक्या लांबून नीट दिसत असेल.

मी म्हटलं, आले.

ती उठून बसली. वाटी संपवली. वर म्हणाली, वाळलीस गं किती. मी! गेल्या वर्षी दिवाणावर बसले तर त्याची फळी मोडली होती, आणि मला म्हणते वाळलीस. पण तिला कोटाचं माप माहीत होतं ना. कोटात जो असेल तो त्याच मापाचा असणार, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. माणसांचे चेहरे तिने कधी लक्षात ठेवलेच नाहीत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ती सदऱ्याला ओळखायची.

त्या दिवसापासून मी रोज कोट घालत होते. घास भरवताना, औषध देताना, अंघोळ घालून झाल्यावर. उन्हाळ्यातसुद्धा. घामाने निथळत होते. काजवाले काका म्हणाले, अगं, तू आजारी पडशील. म्हटलं, मी पडले तर मला कोण घालणार कोट?

कोट मला होत नव्हता हे सांगायला नको. काखेत काचायचा, हात वर केला की उसवतो की काय असं वाटायचं. एका दुपारी ती झोपली असताना मी अस्तर उघडलं. तिने आत भरपूर माया, जादा कापड, सोडली होती, दोन्ही बाजूंना. मी दोन्हीकडच्या शिवणी सोडवल्या, कोट सैल केला आणि तिच्याच मशीनवर टीप मारली. जन्मात एवढ्या काळजीने मी टीप मारली नाही. पुढे रोज एकच भीती, तिचा अंगठा तिथे जाईल. पण ती कॉलर आणि पट्टी सोडून कुठे जायची नाही.

आणि ती बोलायची तुझ्याशी. तास तास. माझ्याबद्दलही बोलायची. थोरली कष्टाळू आहे गं, पण हात जड आहे. थोरली कुठे असते, दिसत नाही हल्ली. मी म्हणायचे, असेल इथेच. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते मला पाठ आहे, पण रोज त्या डोंगराचं सोंग घेऊन घास भरवायचा आणि वर थोरली दिसत नाही हे ऐकायचं, याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मला तिचा राग यायचा. तुझा तर फारच. मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे आणि पुन्हा कोट घालून बाहेर यायचे.

आता ती नाही, तरी मी घालतेच. ट्रायलच्या आरशासमोर उभी राहते. काल तर तोंडातून निघून गेलं, आलीस, टाचणे? काका पायरीवर होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

म्हणून कोट दिला नाही. कसर वगैरे काही नाही.

ताई


२२ डिसेंबर

टाचणे,

चोर म्हणालीस. बरं. दोन पानं भरून लिहिलंस, चार ओळींवरून प्रगती आहे.

तू लिहितेस, जे आईने मला सांगितलं ते तू ऐकलंस, आणि वर मला कळवलंस की नाव काढलं नाही. लिहितेस की मी इथे रोज एक पत्र येईल म्हणून वाट बघत होते, आणि ती तिकडे रोज माझ्याशी बोलत होती. लिहितेस, एक शब्द कळवला असतास तर मी अनवाणी आले असते.

कळवायला हवं होतं. तू आली असतीस तर तिने तुला पाहिल्या पाहिल्या ओळखलं असतं, किंवा नसतं ओळखलं. दोन्हींपैकी काय झालेलं मला जास्त जड गेलं असतं, याचा मी खूप विचार केला. ओळखलं असतं तर माझी गरज संपली. नसतं ओळखलं तर तुझा जीव गेला असता. मी तुझा जीव वाचवला असं म्हणून बघितलं, पण ते मला स्वतःलाच पटत नाही. मला ती गमवायची नव्हती. तुझ्या नावाने का होईना, ती माझ्याकडे बघून हसत होती.

कोट पाठव, मी येणार नाही, असं शेवटी लिहिलंस. पाठवते आहे. या पत्राबरोबरच बांधते. पण त्याआधी जे तुझं आहे ते सगळं तुला देते, काही मागे ठेवत नाही.

ती म्हणाली की दुकानात, चारचौघांत, तुला तसं बोलायला नको होतं. हे ती खूपदा म्हणाली. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिने माझी, म्हणजे तुझी, बाही धरली होती.

ती म्हणाली, रेडीमेड तर रेडीमेड, उघड्यानं फिरण्यापेक्षा बरं. हे म्हणताना तिला स्वतःलाच हसू आलं.

तुला कारखान्यात जेवायला सुट्टी देतात का, हे विचारायची. मी देतात म्हणून सांगितलं. देत नसतील तर माझी चूक.

आणि एकदा, पावसाळी दिवस होता, मी कोट घालून आत आले तर ती रडत होती. मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, "तू रांगेत उभी होतीस ना इतका वेळ? कुणी सांगितलं तुला उभं राहायला? घरची माणसं रांगेत उभी राहतात का? सरळ आत यायचंस." मी म्हटलं, "आले ना आई." ती म्हणाली, "उशीर केलास."

तुझ्या वतीने मी तिला म्हटलं, आई, माझ्या मनात काही नाही. मला तो अधिकार नव्हता. तुझ्या मनात असेल तर तू आता आरशासमोर उभी राहून तिला सांग, मी जे परस्पर बोलले ते रद्द कर.

झालं. तुझं एवढंच. आता माझं.

शेवटच्या आठवड्यात ती फारशी बोलत नव्हती. दुपार होती, दुकान बंद ठेवलं होतं, बाहेर चपलावाल्याकडे कुणीतरी घासाघीस करत होतं ते आत ऐकू येत होतं. तिला उशीला टेकवून बसवायचं होतं, म्हणून मी वाकले आणि तिचे दोन्ही हात माझ्या काखेखालून पाठीकडे घेतले, नेहमी घ्यायचे तसे. उचलताना तिचा हात घसरला आणि कोटाच्या बाजूवर थांबला. मला कळलं. अंगठा शिवणीवर होता.

तिने डोळे मिटले.

मी तशीच वाकून राहिले. पाठीत कळ आली, पण हलले नाही. तिचं नख काखेतून खाली गेलं, हात पोचेल तिथपर्यंत, आणि पुन्हा वर आलं.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

"कुणाची?"

खोटं बोलावं असं वाटलं. तुझी म्हणून सांगावं. पण लहानपणी तसं केलं तेव्हा काय झालं ते आठवत होतं.

"ताईची."

तिचं नख पुन्हा एकदा खाली गेलं आणि वर आलं, या वेळी अगदी सावकाश. मी 'उसव' ऐकायची तयारी करून ठेवली होती. तिने तसं म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे उसवायला घेतलंही असतं.

"राहू दे," ती म्हणाली.

मग तिचा हात सुटला आणि मी तिला उशीवर टेकवलं. ते तिचं शेवटचं वाक्य नव्हतं. त्यानंतर ती खिडकी लाव म्हणून बऱ्याचदा म्हणाली, आणि खिडकी लावलेलीच होती.

हे तिने मला सांगितलं नाही, टाचणे. तुला सांगितलं. माझ्या शिवणीबद्दल तुला सांगितलं. म्हणजे तुझं माझ्याकडे राहिलं होतं तसं माझंही तुझ्याकडेच आहे. तू तिथे नव्हतीस म्हणून मीच मला येऊन सांगितलं, पण स्वतःच्या तोंडून ऐकलेलं खरं वाटत नाही. कधी फोन केलास तर तू म्हण. दुकानाचा नंबर तोच आहे.

कोट ब्रश करून ठेवला आहे. खिशातलं काही काढलेलं नाही, तुझं शिवताना बोटात घालायचं जुनं अंगुस्तान आहे तिथेच आहे. काल रात्रभर नाही, पण दुपारभर उसवायचं ब्लेड हातात घेऊन बसले होते, की तुझ्या मापाला आणून पाठवावा. उजव्या बाजूची शिवण उसवून पुन्हा आत घेतली, ती तुझ्या मापाची झाली. ती फार बरी आली नाही, तुला हवं तर तू दुसरी घाल. तिचा अंगठा फिरला तो डाव्या बाजूवर. तिथे मला हात लावता आला नाही.

त्यामुळे कोट तुला डावीकडून सैल बसेल, थोडा वाकडा दिसेल. तुमच्या कारखान्यातल्या बायका हसतील. त्यांना सांग, घरी शिवलेला आहे. पण ती शिवण तेवढी राहू दे.

ताई